चॅथम की मॅडिसन? स्वयंपूर्ण राहायला काउंटी कशी पारखायची

रानजाई

नमस्कार मंडळी. आम्ही नॉर्थ कॅरोलायनात कॅरीला राहतो. आम्ही दोघं, दोन मुलं, आणि सासूबाई निम्मं वर्ष इथे असतात. बरीच वर्षं मनात आहे की आठ-दहा एकर जमीन घ्यावी, स्वतःची विहीर, भाजीपाला, कोंबड्या, थोडी फळझाडं, सोलर, आणि घरात दोन-तीन महिन्यांचं धान्य कायम भरलेलं. जग बुडणार म्हणून तळघरात बंदुका घेऊन बसायचंय असं काही नाहीये. पण महिनाभर लाईट नसली, दुकानं बंद असली तरी घर चालावं आणि शेजाऱ्याला चार भाकरी देता याव्यात एवढी तयारी हवी.

दोन काउंट्या, म्हणजे इथले जिल्हे, डोळ्यासमोर आहेत. एक चॅथम, आमच्या शेजारचीच, नवऱ्याचं ऑफिस सुटत नाही. दुसरी मॅडिसन, अ‍ॅशव्हिलच्या उत्तरेला, डोंगरात. मन मॅडिसनला जातं कारण हवा, पाणी, झरे, आणि खरं सांगायचं तर तिथे गेलं की मला सातारा-महाबळेश्वर आठवतं. पण हेलीन चक्रीवादळानंतर भीतीही वाटते.

प्रश्न असा की काउंटी पारखायची तरी कशी? जमिनीचा भाव आणि शाळांचं रेटिंग सगळीकडे मिळतं. त्यापलीकडे तुम्ही काय बघाल? जे खरंच अशा ठिकाणी राहतात त्यांनी प्लीज लिहा.

चहाबाज

पहिला निकष: सर्वात जवळचं इंडियन ग्रोसरी किती मैलांवर? दुसरा निकष: तिथे चितळेंची बाकरवडी येते का? बाकी चर्चा चालू द्या, मी चहा घेऊन बसलोय :)

डोंगरकडा

रानजाई, मी बंकम काउंटीत राहतो, अ‍ॅशव्हिल गावाच्या बाहेर, म्हणजे मॅडिसन माझ्यापासून हाकेच्या अंतरावर. हेलीन पूर्ण अनुभवलंय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी लोकांना कळत नाही ते सांगतो. वादळ २७ सप्टेंबर २०२४ ला आलं, पण त्याच्या आधीचे दोन दिवस इथे पाऊस कोसळतच होता. माती आधीच भिजून चिप्प, नद्या आधीच भरलेल्या, आणि त्यावर वादळ. फ्रेंच ब्रॉड नदीने १९१६ च्या पुराचा विक्रम मोडला, आणि तो विक्रम इथले म्हातारे लोक आजोबांच्या गोष्टीत सांगायचे. मॅडिसनचं मुख्य गाव मार्शल बरोब्बर त्याच नदीच्या काठावर डोंगर आणि पाण्याच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत आहे, सगळी मेन स्ट्रीट चिखलात गेली. हॉट स्प्रिंग्जचंही तेच. आणि हे सगळं समुद्रापासून शेकडो मैल आत! त्याआधी कित्येक याद्यांमध्ये अ‍ॅशव्हिलचं नाव हवामानबदलापासून सुरक्षित गाव म्हणून यायचं, लोक फ्लोरिडा सोडून इथे येत होते.

शहराचं नळाचं पाणी पिण्यालायक व्हायला ५३ दिवस लागले, १८ नोव्हेंबर उजाडला. धरण शाबूत होतं, पण मुख्य पाइपलाइन वाहून गेल्या आणि तलावाचं पाणी इतकं गढूळ झालं की गाळणारी यंत्रणा त्याला पुरी पडेना. आय-४० महामार्ग पिजन नदीच्या घळीत तुटला तो मार्च २०२५ मध्ये एकेक लेनने उघडला. उत्तरेला टेनेसीत आय-२६ चे पूल गेले. म्हणजे मॅडिसनमधून बाहेर पडायच्या ज्या मोठ्या वाटा नकाशावर दिसतात, त्यातल्या बऱ्याच एकाच आठवड्यात नाहीशा झाल्या.

आता ह्यावरून मॅडिसन वाईट, असं मी म्हणणार नाही. माझ्या ओळखीचं एक कुटुंब तिथे उंचावर राहतं, घराच्या वरच्या अंगाला झरा, झऱ्यातून पाइप, पाइपमधून पाणी आपोआप घरात. पंप नाही, लाईट नाही, काही नाही. आख्खा ऑक्टोबर त्यांच्या नळाला पाणी होतं आणि खालच्या वाडीतले लोक त्यांच्याकडून कॅन भरून नेत होते. त्याच काउंटीत, त्यांच्यापासून थोड्याच अंतरावर, दुसऱ्यांचं घर दरडीखाली गेलं. त्यामुळे माझं मत पक्कं आहे, काउंटी ही फक्त पहिली चाळणी. खरा निकाल जमिनीचा तुकडा, त्याचा उतार आणि पाणी वरून येतं की खालून ओढावं लागतं ह्यावर लागतो.

आकडेमोड

इतकं भावनिक व्हायची गरज नाहीये असं मला वाटतं. फेमाचा, म्हणजे अमेरिकेच्या आपत्ती व्यवस्थापन संस्थेचा, नॅशनल रिस्क इंडेक्स आहे, प्रत्येक काउंटीला १८ प्रकारच्या आपत्तींसाठी गुण दिलेत, पूर, वणवा, भूकंप, चक्रीवादळ, गारपीट, बर्फवृष्टी सगळं. दोन्ही काउंट्या शेजारी-शेजारी लावून बघायच्या, कमी धोका असलेली घ्यायची. एक अनुभव आला म्हणून आख्ख्या डोंगराला नावं ठेवणं किंवा डोक्यावर घेणं, दोन्ही चूक.

डोंगरकडा

आकडेमोड, मी दोन्ही केलं नाही, परत वाचा. तो इंडेक्स मी वापरतो, पण तो काय मोजतो ते बघा की. त्यात मुख्य भाग आहे वर्षाकाठी होऊ शकणारं अपेक्षित नुकसान, आणि ते डॉलरमध्ये. जिथे जास्त घरं, जास्त लोक, महाग इमारती, तिथे नुकसान जास्त. विरळ वस्तीच्या मॅडिसनचा आकडा त्यामुळेच कमी दिसू शकतो. तुमच्या घरावर दरड येणार का, हे तो सांगत नाही. शिवाय तो इंडेक्स सेन्सस ट्रॅक्टच्या, म्हणजे जनगणनेसाठी पाडलेल्या काउंटीतल्या छोट्या विभागांच्या, पातळीवरही आहे, बघायचाच तर निदान तिथपर्यंत जा.

आकडेमोड

ट्रॅक्टपर्यंत जायचं हे मान्य. पण सुरुवात तरी आकड्यांनीच व्हावी, 'सातारा आठवतो' ने नव्हे.

मातीवाला

रानजाईताई, कोणीच अजून चॅथमबद्दल बोललं नाही म्हणून लिहितो. मी विहिरी आणि सेप्टिकच्या कामात आहे, ह्याच पट्ट्यात.

चॅथम म्हणजे एक जमीन नाही, दोन आहेत. पूर्वेचा भाग, तुमच्या कॅरीला लागून, तो ट्रायासिक बेसिनमध्ये, म्हणजे जुन्या गाळाच्या खडकांच्या खोलगट पट्ट्यात येतो. तिथली चिकणमाती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, पाणी मुरतच नाही. सेप्टिकच्या परवानगीसाठी आरोग्य खात्याकडून मातीची तपासणी करावी लागते, त्यालाच सगळे परक टेस्ट म्हणतात, आणि ह्या पट्ट्यात कित्येक प्लॉट त्यातच नापास होतात. म्हणजे दहा एकर सुंदर जमीन, आणि घर बांधता येत नाही! विहिरींनाही तिथे पाणी कमी लागतं.

पश्चिमेचा भाग, सायलर सिटी, सिल्क होपच्या बाजूला, तो स्लेट बेल्ट, कठीण खडकाचा पट्टा. तिथे खडकातल्या भेगांमध्ये पाणी असतं, लागलं तर बरं लागतं, नाही लागलं तर खोल जाऊनही थेंबभर. शेजाऱ्याच्या विहिरीला भरपूर पाणी आहे म्हणून तुमच्या विहिरीला असेलच असं अजिबात नाही. आणि ह्या खडकात काही ठिकाणी आर्सेनिक असतं, नैसर्गिकच, ते चवीला-वासाला कळत नाही. आपल्या राज्यात २००८ पासून नव्या विहिरीला काउंटीची परवानगी आणि पाण्याची तपासणी सक्तीची आहे, पण जुनं घर विहिरीसकट घेताय तर तपासणी तुम्हालाच करून घ्यावी लागेल. नक्की करा.

आणखी एक. यूएसडीएचा, म्हणजे अमेरिकेच्या कृषी खात्याचा, वेब सॉइल सर्व्हे फुकट आहे. नकाशावर प्लॉटभोवती रेघ मारली की मातीचा प्रकार, निचरा, उतार, सेप्टिकला योग्य का, भाजीला योग्य का, सगळं येतं. जमीन बघायला गाडी काढायच्या आधी हे बघा, पेट्रोल वाचेल.

जुईली

@मातीवाला, हे सोनं आहे! सेव्ह करून ठेवतेय.

कोरडवाहू

मी कोलोरॅडोत असतो, तुमच्या दोन्ही काउंट्यांना माझ्याकडून आधीच जास्त मार्क कारण तुमच्याकडे पाऊस पडतो. इथे पश्चिमेत पाण्याचा कायदाच वेगळा आहे, ज्याने आधी हक्क नोंदवला त्याचं पाणी, तुमच्या जमिनीतून ओढा वाहत असला तरी तो तुमचा असेलच असं नाही. पावसाचं पाणी साठवायला सुद्धा २०१६ चा कायदा यावा लागला, आणि त्यातही घरामागे दोन पिंपं, एकूण ११० गॅलन, बस्स. तुमच्याकडे पूर्वेत काठावरच्या जमीनमालकाला पाण्याचा वाजवी वापर करता येतो, छपराचं पाणी साठवायला कोणी अडवत नाही. ह्याचं मोल पूर्वेतल्यांना कळत नाही.

इथे दक्षिणेला कॉस्टिला काउंटी आहे, सॅन लुईस व्हॅलीत. पाच-पाच एकराचे तुकडे अगदी स्वस्त मिळतात, व्हिडिओ बघून लोक देशभरातून येतात, ट्रेलर टाकतात, आता आपण मुक्त म्हणून आनंदात. मग पहिला हिवाळा येतो. साडेसात हजार फुटांच्या वर, पाऊस वर्षाला जेमतेम सात-आठ इंच, थंडी हाडं फोडणारी, विहीर खणायची तर जमिनीच्या किमतीपेक्षा महाग. आणि काउंटी म्हणते आधी सेप्टिक, मग राहा. मोठी भांडणं झाली तिथे ह्यावरून. स्वस्त जमीन स्वस्त का आहे हे विचारल्याशिवाय एक पैसा देऊ नये.

पुरणपोळी_प्रेमी

माझी काउंटी निवडायची कसोटी एकच: हरभरा पिकतो का? होळीला पुरण घरच्या डाळीचं झालं पाहिजे :)

मातीवाला

@पुरणपोळी_प्रेमी मग तुम्ही आमच्याकडे येऊ नका. हरभऱ्याला कोरडी हवा लागते, कॅरोलायनाच्या दमट उन्हाळ्यात करपा पडतो. अमेरिकेतला हरभरा वॉशिंग्टन-आयडाहोच्या सीमेवर पलूस भागात आणि मोंटानात होतो. चवळी मात्र इथे तण वाढावं तशी वाढते. भेंडी, दुधी, दोडका, गवार, मिरची, रताळी, हळदसुद्धा. मेथी-कोथिंबीर वसंतात आणि पानगळीत, उन्हाळ्यात दोन्ही फुलावर जातात.

आजीचा_बटवा

चवळीचं नाव निघालं म्हणून सांगते. ह्या डोंगराळ भागातल्या जुन्या बायका शेंगा दोऱ्यात ओवून पोर्चवर, चुलीच्या वर वाळत घालायच्या आणि हिवाळ्यात शिजवायच्या. आपल्या वाळवणांसारखंच की! आणि ज्वारीच्या गोड जातीचा रस काढून कढईत आटवून काकवी करतात, अजूनही जत्रांमध्ये करतात. मी बघायला गेले तेव्हा तिथल्या एका आजींनी मला झारा हातात दिला आणि मळी काढायला लावली. रानजाई, काउंटी बघायला जाशील तेव्हा हे बघ, तिथे अजून कोणाला हातांनी करता येतं? बियाणं राखणारं कोणी आहे का, पिठाची गिरणी आहे का, कोंबडी साफ करून देणारं कोणी, लोहारकाम येणारं कोणी. आपण सगळं नव्याने शिकू म्हणतो पण शिकवायला शेजारी कोणी असेल तर वर्षं वाचतात.

फक्त एक, इथल्या ओल्या हवेत आपले पापड-कुरडया छतावर वाळत नाहीत, बुरशी धरतात. डिहायड्रेटर घे. बाटल्या भरायला प्रेशर कॅनर घे, आपला कुकर त्याला चालत नाही.

रेडिओगडी

हेलीनमध्ये मोबाईल टॉवर बंद पडले, इंटरनेट गेलं. तेव्हा माउंट मिचेलवरच्या हॅम रिपीटरवर, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांचे संदेश पकडून लांबवर पुन्हा पाठवणाऱ्या केंद्रावर, दिवसरात्र माणसं बोलत होती. कोण कुठे अडकलंय, कुठल्या रस्त्यावर झाड पडलंय, कोणाचा ऑक्सिजन संपत आलाय. ज्यांच्याकडे लायसन्स नव्हतं ते नुसता रेडिओ लावून ऐकत बसायचे, कारण बातमीचा तेवढाच मार्ग होता. टेक्निशियन ह्या पहिल्या पातळीच्या हॅम लायसन्सची परीक्षा ३५ प्रश्नांची असते, मिडल स्कूलमधलं मूलसुद्धा पास होतं. काउंटी पारखताना हे बघ: हॅम क्लब आहे का, रिपीटर कुठे आहे, तुझ्या प्लॉटवरून तो पकडतो का. डोंगराच्या घळीत घर असेल तर कदाचित काहीच पकडणार नाही.

सिस्टर_माधुरी

मी नर्स आहे म्हणून माझा मुद्दा दवाखान्याचा. सासूबाई सोबत असणार म्हणतेस, त्यांना बीपी-शुगर काही आहे का? इन्शुलिन असेल तर फ्रिज चालू राहणं ही पहिली गरज, भाजीपाला नंतर.

नकाशावर दवाखाना आहे एवढं बघून थांबू नका. टेनेसीत अर्विन गावातला काउंटीचा दवाखाना, इमारत अगदी नवी, २०१८ ची, पण नोलिचकी नदीच्या काठच्या सपाट जमिनीवर. हेलीनच्या दिवशी पाणी इतक्या वेगाने चढलं की ५४ माणसं, पेशंटसकट, छपरावर चढली आणि हेलिकॉप्टरने उतरवावी लागली. म्हणजे आपत्तीत ज्याच्या भरवशावर राहायचं तेच पाण्यात. त्यामुळे दवाखाना कुठे आहे, नदीपासून किती उंच, तिथे जायला पूल ओलांडावा लागतो का, दुसरा रस्ता आहे का, आणि त्यात काय काय सोय आहे हे बघा. ग्रामीण भागातले बरेच दवाखाने पंचवीस खाटांचे असतात, बाळंतपणाचा विभाग बंद झालेला असतो. मॅडिसनमधून मोठ्या दुखण्याला अ‍ॅशव्हिललाच यावं लागतं. चॅथममधून चॅपल हिल जवळ आहे, ह्या एका बाबतीत चॅथम खूप पुढे.

आकडेमोड

चॅथमची दुसरी बाजूही मांडतो. हॅरिस अणुवीज प्रकल्प वेक काउंटीच्या नैर्ऋत्य टोकाला आहे, त्याच्या दहा मैलांच्या आपत्कालीन पट्ट्यात चॅथमचा काही भाग येतो. घाबरायचं कारण नाही, पण प्लॉट पट्ट्यात आहे का ते माहीत हवं, तिथल्या रहिवाशांना थायरॉईडचं किरणोत्सर्गापासून रक्षण करणाऱ्या आयोडाइडच्या गोळ्या मिळतात. पिट्सबरो गाव पाणी हॉ नदीतून घेतं आणि त्यात वरच्या उद्योगांमधून आलेली पीएफएएस, म्हणजे निसर्गात सहजी नष्ट न होणारी, रसायनं सापडलीत. तुमची विहीर खडकातली असेल तर तो प्रश्न वेगळा, पण नदीकाठची जमीन घेऊन त्या पाण्यावर भाजी करायची असेल तर विचार करा. आणि जुलै २०२५ मध्ये शँटाल वादळाच्या पावसाने चॅथम, ऑरेंज, ड्युरम भागात पूर आले, तेव्हा सपाटी म्हणजे सुरक्षित, असंही नाही.

डोंगरकडा

हे उत्तम लिहिलंत. शँटालमध्ये किनारा नाही, चांगला आतला भाग बुडाला. ओढ्याकाठची हिरवीगार सपाट जमीन बघून जो तो भुलतो, आणि ती तशी हिरवीगार आहे कारण पाणी तिथे येऊन गाळ टाकून जातं. फेमाच्या पूरनकाशात छोटे ओढे पुष्कळदा धरलेलेच नसतात. इथे ज्यांची घरं गेली त्यातल्या बहुतेकांकडे पुराचा विमा नव्हता, कारण नकाशाप्रमाणे ते पूरक्षेत्रात नव्हतेच.

श्रीवर्धनची_लेक

तुम्हा सगळ्यांचं वाचतेय. माझं माहेर श्रीवर्धन. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, वाडीतली नारळी-पोफळीची झाडं आडवी झाली, कौलं उडाली, आणि लाईट यायला कित्येक आठवडे गेले. लॉकडाऊन चालू, मुंबईहून कोणी येऊ शकत नव्हतं. आमच्या घरी पाणी होतं कारण विहिरीला रहाट होता. नवीन बंगलेवाल्यांकडे बोअर होती, सबमर्सिबल पंप होता, आणि लाईट नाही म्हणून हंडाभर पाणी नाही. ते सगळे आमच्या विहिरीवर यायचे, आई कोणाला नाही म्हणाली नाही.

रानजाई, मी म्हणेन विहीर कितीही खोल असू दे, लाईटशिवाय पाणी वर आणायची एक वाट ठेवच. इथे हँडपंप मिळतात का?

मातीवाला

मिळतात ताई. विहीर किती खोल खणली ह्यापेक्षा पाणी स्थिर किती खोलीवर उभं राहतं ते महत्त्वाचं. तीनशे फूट विहीर असली तरी पाणी चाळीस-पन्नास फुटांवर उभं असेल तर त्याच केसिंगमध्ये, म्हणजे विहिरीच्या नळीत, हातपंप बसवता येतो, पंपाच्या बाजूलाच. त्यामुळे विहिरीचा रिपोर्ट मागून घ्या, त्यात पाण्याची पातळी आणि मिनिटाला किती गॅलन ते लिहिलेलं असतं.

सोलरबद्दलही सांगतो. छपरावर पॅनल आहेत म्हणून लाईट गेल्यावर घर चालेल असं लोकांना वाटतं. साधी ग्रिडला जोडलेली सिस्टीम ग्रिड बंद पडली की आपोआप बंद होते, तारांवर काम करणाऱ्यांना शॉक बसू नये म्हणून. बॅटरी आणि ग्रिडपासून तोडणारा स्विच असेल तरच ती तेव्हा कामाची. आणि सेप्टिकची टाकी उतारावर अशी बसवा की मैला आपोआप जाईल, पंप लागणार नाही.

घरवापसी

इतका खटाटोप करण्यापेक्षा परत या की. कोकणात, भोर-वेल्ह्यात जमीन घ्या, पाऊस भरपूर, माणसं आपली, भाषा आपली. सासूबाईही खूश.

जुईली

@घरवापसी अमेरिकन नागरिकत्व घेतलं असेल किंवा अनिवासी असाल तर परकीय चलन कायद्याखाली भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने आलेली ठेवता येते. आणि महाराष्ट्रात मुळात शेतकरी असल्याशिवाय शेतजमीन घ्यायला बंदी आहे. ज्यांच्याकडे वडिलोपार्जित आहे त्यांनी जरूर जावं. रानजाईची मुलं इथे शाळेत आहेत, तिने विचारलं ते इथलं विचारलंय.

निवांत

एक अवघड प्रश्न कोणी विचारत नाहीये म्हणून मी विचारते. आपल्यासारखे दिसणारे लोक ह्या काउंट्यांमध्ये किती? मुलं शाळेत एकटी पडतील का? संकटाच्या वेळी शेजारी दार उघडेल का? माझ्यासाठी हे विहिरीच्याही आधी येतं.

डोंगरकडा

निवांत, बरं झालं विचारलंत. मॅडिसनमध्ये आपले लोक बोटांवर मोजण्याइतके. आणि सगळं गुडीगुडी आहे असं मी सांगणार नाही, काही घरांसमोरचे झेंडे बघून पोटात गोळा येतो. पण वादळानंतरच्या पहिल्या सकाळी आमच्या रस्त्यावर चेनसॉ घेऊन जे आले, ते कोण कुठून आलंय हे न विचारता झाडं कापत गेले. चर्चच्या आवारात चूल पेटली, ज्याच्या फ्रीझरमध्ये जे वितळत होतं ते सगळ्यांनी आणून शिजवलं. माझ्या बायकोने आमच्याकडचा सगळा तांदूळ आणि मूगडाळ घेऊन पातेलंभर खिचडी टाकली, म्हाताऱ्या शेतकऱ्यांनी मागून घेतली. ज्या वाड्यांवर रस्ते तुटले होते तिथे खेचरांवरून औषधं गेली.

पण हे आपोआप झालं नाही. आम्ही आधीपासून स्वयंसेवी अग्निशमन दलाच्या जेवणाला जायचो, शनिवारच्या बाजारात आमचा टेबल असायचा, त्यामुळे ते आम्हाला नावाने ओळखत होते. जमीन घ्यायच्या आधी दोन्ही ठिकाणी भाड्याने राहा, निदान एक हिवाळा. अग्निशमन दलात जा, किती माणसं आहेत, किती वय आहे, बोलावल्यावर किती वेळात येतात ते विचारा. त्या दलाच्या दर्जावर तुमच्या घराच्या विम्याचा हप्ताही ठरतो, ते वेगळंच.

हिशेबनीस

कराचं कोणी लिहिलं नाही. नॉर्थ कॅरोलायनात शेतजमिनीला बाजारभावाऐवजी वापराच्या किमतीवर कर लावतात, पण अटी आहेत: पिकाखाली निदान दहा एकर, फळं-भाजीपाल्यासाठी पाच एकर, जंगलासाठी वीस. शेती आणि बागायतीला सरासरी हजार डॉलरचं उत्पन्नही दाखवावं लागतं. म्हणजे तुम्ही आठ एकर घेऊन पाचावर भाजी-फळं केलीत तर बागायतीत बसू शकता. चॅथमसारख्या वेगाने वाढणाऱ्या काउंटीत हे फार महत्त्वाचं, नाहीतर शेजारी कॉलनी झाली की जमिनीचा भाव वाढतो आणि कर तुम्हाला हुसकावून लावतो. खरी शेती असेल तर काउंटीच्या झोनिंगमधूनही, म्हणजे जमीन कशासाठी वापरायची ह्या नियमांमधूनही, सूट मिळते, कोंबड्या-शेळ्यांना कोणी अडवत नाही. फक्त जुन्या दस्तात कुठली बंधनं लिहिलीत का ते वकिलाकडून बघून घ्या.

जुईली

आणि एक्स्टेन्शन ऑफिस, म्हणजे शेतीचा सल्ला देणारं केंद्र! राज्यातल्या शंभरही काउंट्यांत आहे, विद्यापीठाची माणसं असतात. चॅथममध्ये तर कम्युनिटी कॉलेजच्या पिट्सबरो कॅम्पसला शाश्वत शेतीचा कोर्सच आहे.

रानजाई

सगळ्यांचे किती आभार मानू! सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं, त्यांना श्रीवर्धनच्या रहाटाची गोष्ट सगळ्यात आवडली. त्यांना शुगर आहे, इन्शुलिन आहे, त्यामुळे माधुरीताईंचा मुद्दा आमच्यासाठी पहिला ठरला.

आम्ही असं ठरवतोय: घर चॅथमच्या पश्चिमेला बघायचं, सिल्क होपच्या आसपास, चॅपल हिल टप्प्यात राहील असं. मॅडिसन मनातून जात नाहीये, पण तिथे आधी एक उन्हाळा आणि एक हिवाळा भाड्याने राहून बघू, मुलांच्या सुट्ट्यांमध्ये. सिल्क होपला एक प्लॉट आवडलाय, नऊ एकर, थोडा उंचवटा, मागे ओढा. विहीर नाही, परक टेस्ट झालेली नाही. मालक म्हणतात आजूबाजूला सगळ्यांची पास झालीये. एजंट म्हणतेय लवकर सही करा, दुसरा गिऱ्हाईक आहे. काय करू?

मातीवाला

सही करायला हरकत नाही, पण ड्यू डिलिजन्सचा काळ, म्हणजे खरेदी पक्की होण्याआधी तपासण्या करून घ्यायची मुदत, नीट मागून घ्या. आपल्या राज्यात ती फी दिली की सहसा परत मिळत नाही, म्हणून फी कमी आणि मुदत लांब, ह्यावर घासाघीस करा. माती तपासणारा परवानाधारक माणूस त्या मुदतीतच येऊन गेला पाहिजे, आणि तो मिळायला काही आठवडे लागतात, तेव्हा आधी त्याला फोन करा आणि मग मुदत लिहा. तीन बेडरूमसाठी तपासणी मागा आणि सेप्टिक बदलायची वेळ आली तर लागणारी दुसरी जागाही दाखवायला सांगा. आजूबाजूला पास झाली ह्याला काही अर्थ नाही, शंभर फुटांवर माती बदलते.

डोंगरकडा

आणि मोठ्या पावसानंतर लगेच दुसऱ्या दिवशी तिथे जा. ओढ्याकाठच्या झाडांच्या बुंध्यांवर, कुंपणाच्या तारांवर गवत-काटक्या किती उंचीवर अडकल्यात ते बघ. पाणी कुठवर येतं ते तिथे लिहिलेलं असतं. घराची जागा त्याच्या बरीच वर धर.

सिस्टर_माधुरी

इन्शुलिनसाठी बारा व्होल्टवर चालणारा छोटा फ्रिज आणि एक बॅटरी आत्ताच घेऊन ठेव ग, जमिनीची वाट बघू नकोस. कॅरीतही लाईट जाते.

रानजाई

आजच ऑर्डर करते ताई. आणि माती तपासणाऱ्याला सोमवारी सकाळी फोन लावते, काय म्हणतो ते इथेच लिहीन.